एकाच वळणावर अकरा सकाळी

डूलिन्स क्रॉसिंग
४ सप्टेंबर २०२३

नोलीन,

आठ वर्षांनी लिहिते आहे, आणि तेही एक प्रश्न विचारायला. कशी आहेस, गुडघे कसे आहेत, हे विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही ठाऊक नाही. म्हणून ते बाजूला ठेवते.

केवच्या शेताखालच्या ओढ्याच्या वळणाबद्दल तू तिकडे टास्मानियात कुणापाशी काही बोलली आहेस का?

कारण सांगते. आपले रीजंट मधपक्षी परत आले आहेत. जोडी आहे. गेल्या मंगळवारी केव मेंढ्या मोजायला खाली गेला होता, तो घरी न जाता तडक माझ्या दारात. "कार्मेल, तुझी ती काळीपिवळी कोंबडी आली गं परत. आता भाडं लावणार आहे मी तिला." मी हातातलं पीठ न धुताच गाडीत बसले. त्याच शी-ओकच्या झाडावर, पाण्यावर झुकलेल्या त्याच फांदीच्या बांडगुळात मादी साली आणून खोचत होती. काळ्या पंखांवर ती पिवळी जर. मी केवच्या कुंपणाला धरून उभी राहिले आणि रडले. केव म्हणाला, "भाडं माफ." सगळ्या देशात मिळून तीनशेसुद्धा उरले नाहीत म्हणतात, आणि त्यांतले दोन माझ्यासमोर घर बांधत होते.

आता पुढचं ऐक. शुक्रवारी गावात एक पांढरी गाडी आली. नंबरपट्टी टास्मानियाची. गाडीत एकटा माणूस, साठीचा, दाढी पांढरी, मागच्या सीटवर भली मोठी लेन्स, तिच्यावर झाडाच्या सालीच्या रंगाचं आवरण. बेकरीत मटण भरलेला पॅटिस खात बसला होता. ग्वेंडाने विचारलं, इकडे कुणीकडे? म्हणाला, "जरा रॉबिन पक्षी बघायला आलोय."

रॉबिन! टास्मानियातून समुद्र ओलांडून, पुढे हजार किलोमीटर गाडी हाकून कुणी रॉबिन बघायला येतं? तिकडे काय रॉबिनचा दुष्काळ पडला आहे?

ती जागा आपल्याला तिघांनाच ठाऊक होती. केव, तू आणि मी. निदान दोन हजार पंधराच्या त्या रविवारपर्यंत. केव आपल्या मेंढ्यांपलीकडे कुणाशी बोलत नाही. मी बोललेले नाही. आणि तू टास्मानियात राहतेस.

एका ओळीचं उत्तर पुरे.

कार्मेल

ता. क. तुझा पत्ता तुझ्या भाचीकडून घेतला. नाताळचं कार्ड पाठवायचं आहे असं सांगून. तिच्यावर रागावू नकोस.


१४ सप्टेंबर २०२३

नोलीन,

तुझं कार्ड मिळालं. "मी त्याला ओळखत नाही. नोलीन." एवढंच. एका ओळीचं मागितलं होतं, तू एका ओळीचंच दिलंस. शाळेत सिस्टर अल्फॉन्ससच्या पेपरातही तू असंच करायचीस आणि पूर्ण गुण घ्यायचीस.

खरं सांगू? मला ते पटलेलं नाही.

आता त्याचं नाव कळलं आहे. लिंडसी पायबस. तिकडे टास्मानियात ह्यूऑनच्या खोऱ्यात त्याची सफरचंदाची बाग होती, ती विकून हल्ली नुसता फिरतो, असं तो ग्वेंडाला म्हणाला. ह्यूऑनपासून तुझं ते किनाऱ्याजवळचं छोटं बेट किती लांब? मी नकाशात पाहिलं. बोटीचा वेळ धरून दीड तास. दीड तासावर राहणारे दोन पक्षीवेडे एकमेकांना ओळखत नाहीत, हे मी कसं मानू?

तो केवच्या जमिनीत पाय ठेवत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. सरकारी रस्त्यावरच्या लाकडी पुलावर बसतो. तिथून आपलं वळण दिसतं, पण ऐंशी पावलं लांबून. केव एकदा त्याला हटकायला गेला. परत आला तो सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मुरंबा घ्या."

"आणि तू घेतलास?"

"मग काय फेकून मारू? मुरंबा चांगला आहे गं. तुला संशयाची खाज आहे, कार्मेल. तेव्हाही होती."

तेव्हाही म्हणजे कधी, ते मी त्याला विचारलं नाही.

आता मादी अंड्यांवर बसली आहे. मी पहाटे पाचला उठते. थर्मासमध्ये चहा, खिशात दोन बिस्किटं, आणि ती जुनी घडीची खुर्ची, जिचा पाय तू बांधून दिला होतास. घरट्यापासून पन्नास पावलांवर किंतानाचा आडोसा केला आहे, त्याच्या आत बसते. गवतावर हिव पडलेलं असतं, बोटं बधिर होतात, आणि पहिला अर्धा तास काही म्हणजे काही होत नाही. तोच अर्धा तास मला सगळ्यांत आवडतो. ओढ्यावरचं धुकं हळूहळू वर उचललं जातं, शी-ओकच्या सुयांतून वारा त्या मंद सुरात वाहतो, एखादी विली वॅगटेल शेपटी हलवत माझ्या बुटावर येऊन बसते. आणि मग ऊन टेकडीवरून खाली उतरतं, आधी शेंड्यावर, मग बांडगुळावर. त्या मिनिटासाठी कॅमेरा तयार ठेवायचा असतो. मादी मान वळवते, डोळ्यात सूर्याचा एक ठिपका येतो, आणि तेवढ्यात बटण दाबलं तर दाबलं. नाही तर दुसऱ्या दिवशी. सडसष्टाव्या वर्षी दुसऱ्या दिवसाची एवढी ओढ वाटणारं माझ्याकडे दुसरं काहीही नाही.

नर गातो, पण बेसूर गातो, म्हणजे फ्रायरबर्ड पक्ष्यासारखा. रीजंटची गाणी शिकवायला आसपास म्हातारे नर उरलेच नाहीत, म्हणून पोरगा शेजाऱ्यांची भाषा शिकला. मादीने तरीही त्याला पसंत केलं. हे ऐकून तू हसली असतीस.

एकूण सांगायचं ते असं, की हे सगळं पुन्हा एकदा उधळलं जाऊ नये. म्हणून विचारते. पुन्हा विचारते.

कार्मेल


२० सप्टेंबर २०२३

नोलीन,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक आहे. मला आता तुझ्या उत्तराची गरज उरलेली नाही, कारण मी त्याला पकडलं आहे.

कसं ते सांगते. तुला कॉम्प्युटरचा कंटाळा, तू कायम वहीवाली. पण आम्ही सगळे आपापल्या याद्या नोंदींच्या संकेतस्थळावर घालतो: कुठे उभे होतो, किती वेळ, काय काय दिसलं. कुणीही उघडून वाचाव्यात. दुर्मीळ पक्ष्याची जागा तिथे आपोआप झाकली जाते, रीजंट लिहिला तर नकाशावर नुसता मोठा धूसर चौकोन दिसतो. लिंडसी पायबसने रीजंट लिहिलेलाच नाही. हुशार आहे. पण बाकीचे पक्षी लिहिले आहेत!

काल रात्री जेवण झाल्यावर मी त्याच्या याद्या उघडल्या. नऊ दिवस. एकच जागा, लाकडी पूल. रोज दोन तास, जागचा हललेला नाही. आणि पक्षी किती? सात. एके दिवशी आठ. मॅगपाय, विली वॅगटेल, फ्रायरबर्ड, असेच नेहमीचे. आता तूच सांग, सप्टेंबरात त्या पुलावर दोन तास उभं राहिलं तर आंधळ्यालासुद्धा पस्तीस पक्षी ऐकू येतील. जो माणूस दोन तासांत सात लिहितो, तो मान वळवत नाही. त्याची नजर एका जागी खिळली आहे. आणि रोज त्याच जागी माणूस कशासाठी खिळतो? घरट्यासाठी. दुसरं कारणच नाही.

रीजंटचं नाव त्याने कुठेही घेतलेलं नाही आणि तरी सगळं सांगून टाकलं आहे. ज्याला वाचता येतं त्याला.

मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की मी उठून शेरीचा एक छोटा ग्लास घेतला.

उद्या सकाळी पुलावर जाऊन मी हे त्याच्या तोंडावर सांगणार आहे. आणि जागा कुणी दिली, तेही त्याच्याच तोंडून वदवून घेणार आहे. मग तुला लिहीन.

कार्मेल


२२ सप्टेंबर २०२३

नोलीन,

गेले होते. बोलणं झालं. माणूस तसा बरा आहे. तुला तो ओळखत नाही, हे खरं दिसतं.

आज फार लिहीत नाही. थंडी बाधली आहे. अंडी अजून फुटलेली नाहीत. केवच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली.

कार्मेल


२८ सप्टेंबर २०२३

प्रिय नोलीन,

परवाच्या पत्रात मी थंडीचं लिहिलं. थंडी बाधलेली नव्हती. सहा दिवस मी घरातून ओढ्यावर आणि ओढ्यावरून घरी, एवढंच करते आहे. आडोशात बसते, पण कॅमेरा पिशवीतून काढत नाही. आता पुलावर जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

तो पुलाच्या कठड्याला टेकून बसला होता. लेन्स पेटीत बंद. मला बघून म्हणाला, "या. गारठा आहे ना?"

मी म्हटलं, "गारठ्याचं राहू द्या. तुम्ही घरट्यावर नजर ठेवून बसला आहात."

"मी पुलावर बसलोय, बाई."

"ही जागा तुम्हाला कुणी सांगितली?"

"सांगतो. पण आधी तुम्ही सांगा, मी घरट्यासाठी बसलोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मोठ्या ऐटीत सांगितलं. नऊ दिवस, एक पूल, दोन तास, सात पक्षी. तुला लिहिलं होतं तसंच, किंवा त्याहून जरा रंगवून. तो ऐकत होता आणि दाढीतल्या दाढीत हसत होता. मग त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला.

"शाबास. मीही ही जागा अगदी अशीच शोधली."

"म्हणजे?"

"जुन्या याद्या वाचत होतो. आमच्याकडे हिवाळ्यात दुसरा काय उद्योग? दोन हजार पंधरा, सप्टेंबर. कुणी एक सी. टिअर्नी. अकरा सकाळी एकाच वळणावर, दोन-दोन तास, आणि लिहिले किती, तर नऊ पक्षी. मी बायकोला म्हटलं, ही बाई एक तर खुर्चीत डुलक्या काढते, नाही तर घरट्यासमोर बसली आहे. तेव्हापासून दर वसंतात या वळणाच्या याद्या चाळत होतो. यंदा नशीब अजमावायला निघालोच."

मी चहाचं झाकण हातात धरून उभी होते.

तो म्हणाला, "या सी. टिअर्नी अजून इथे राहतात का हो? भेटायला आवडेल मला."

मी म्हटलं, "राहते. पण भेटू नका. स्वभावाने वाईट आहे ती."

आणि मी निघून आले.

घरी आल्यावर मी माझ्या त्या वर्षीच्या याद्या उघडल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा. नोलीन, अकराच्या अकरा आहेत. दहा सप्टेंबरपासून वीसपर्यंत, एकही सकाळ चुकलेली नाही. रीजंट मी कुठेही लिहिलेला नाही. ते लपवायचं मला कळत होतं. पण बाकीचं सगळं लिहिलं. सिस्टर अल्फॉन्ससने आपल्याला निसर्गाच्या वहीत शिकवलं होतं, जे दिसलं ते सगळं लिहायचं, चिमणी गाळली तर तेही खोटंच. मी चिमणी गाळली नाही. वेळ लिहिली मिनिटांसकट. वळणाचं नावसुद्धा लिहिलं.

एकवीसला, त्या सोमवारी पहाटे, केवच्या फाटकापाशी नऊ गाड्या होत्या. रविवार होता असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आणि पहिल्या पत्रात तुलाही लिहिलं. यादीतल्या तारखा बघून कळलं की सोमवार होता. मला एवढंही नीट आठवत नव्हतं, आणि कुणी काय केलं ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

ती सकाळ तूही पाहिलीस. लेन्सा घेऊन दाटीवाटीने उभी राहिलेली ती माणसं, फोनवर रीजंटचा आवाज लावणारा तो लाल टोपीवाला, बावरून उडालेली मादी. आणि मग करावाँग. तो काळा दांडगा पक्षी आपल्या पिवळ्या डोळ्यांनी सगळं बघत शेजारच्या फांदीवर बसला होता. मादी गेली आणि तो घरट्यात उतरला. दोन पिल्लं होती. नऊ गाड्यांमधल्या माणसांनी तेही टिपलं असेल.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. तो लाल टोपीवाला जाताना माझ्याजवळ आला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "थँक यू, सी. टिअर्नी." मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला माझं नाव कसं ठाऊक होतं, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. पुढच्या आठ वर्षांतही विचारलं नाही. कदाचित विचारायचं नव्हतं म्हणूनच मी त्याच आठवड्यात आपल्या पक्षिमंडळाच्या सभेत उभी राहिले आणि म्हणाले की जागा तिघांना ठाऊक होती, केव बोलत नाही, मी बोलले नाही, राहिलं कोण ते तुम्हीच बघा. तू शेवटच्या रांगेत बसली होतीस. निळा स्वेटर होता. तू एकच वाक्य बोललीस, "मी कुणाला सांगितलेलं नाही." आणि मी सगळ्यांसमोर हसले.

बारा वर्षांच्या असताना डॉर्मिटरीच्या खिडकीतून आपण दोघींनी मिळून पहिली कूकाबरा पाहिली होती. ती चोच लोखंडी गजावर आपटत होती आणि आपण उशीत तोंड खुपसून हसत होतो. अठ्ठेचाळीस वर्षांची मैत्री मी चार वाक्यांत संपवली. मंडळाने तुला नोंदींच्या कामावरून काढलं, आणि तू घर विकून समुद्रापलीकडे गेलीस.

तुझं घर विकायला निघालं तेव्हा मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जात असे.

क्षमा मागते. शब्द फारच लहान आहे, पण शाळेत आपल्याला दुसरा कुठला शिकवला नाही.

सात तारखेला, शनिवारी, मंडळाची सभा आहे. तिथे उभी राहून सगळं सांगणार आहे. तोपर्यंत तू मला लिहू नकोस. तुझं काही आलं तर मी तेवढ्यावरच समाधान मानेन आणि सभेला जायचं टाळेन. मी स्वतःला ओळखायला लागले आहे.

पंचवीसला अंडी फुटली. दोन पिल्लं आहेत.

कार्मेल


१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय नोलीन,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. ते मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खाली बसले.

तू लिहितेस, "याद्या मी तेव्हाच वाचल्या होत्या. सभेच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन. तुला सांगायला तुझ्या दाराशी आले होते. तू दार उघडलं नाहीस."

मी घरात होते. तुझी गाडी ओळखली होती. चुलीवर किटली होती, ती शिट्टी देईल म्हणून मी हळूच उतरवून ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. तू तीन वेळा ठोठावलंस. मला वाटलं होतं की तू कबुली द्यायला आली आहेस, आणि मला तुला रडवायचं होतं, आणखी थोडे दिवस. मग तू पायरीवर बसलीस. किती वेळ ते मला ठाऊक आहे, कारण घड्याळ माझ्यासमोर होतं. बावीस मिनिटं.

नंतर पत्राने का कळवलं नाहीस, असं मी विचारणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही कळवलं नसतं. मी तर ओरडून सगळ्या गावाला सांगितलं असतं. तू तेही केलं नाहीस.

आता सभेचं. सतरा जण होते. ग्वेंडा अध्यक्ष. आधी लामिंग्टन केक कुणी आणायचे यावर वीस मिनिटं वाद झाला. मग मी उभी राहिले. कागदावर लिहून नेलं होतं, चष्मा मात्र गाडीत राहिला, म्हणून तोंडपाठच बोलले. अकरा सकाळी, दोन-दोन तास, नऊ पक्षी. आणि म्हणाले की जागा नोलीनने फोडली नाही, ती मी फोडली, माझ्या स्वतःच्या हाताने, आणि नाव मात्र तिचं घेतलं.

कोपऱ्यात लिंडसी बसला होता. सी. टिअर्नी कोण ते त्याला तेव्हा कळलं. त्याने खाली मान घातली.

मग ग्वेंडा म्हणाली, "बस खाली, कार्मेल. चहा निवतोय."

"माझं संपलेलं नाही, ग्वेंडा."

"आमचंही नाही. तेव्हा नोलीनला काढायला हात वर करणारे आम्ही चौदा जण होतो. त्या याद्या आमच्यातल्या प्रत्येकाला उघडता येत होत्या. एकाने उघडल्या? सगळं पाप एकटीच्या डोक्यावर घेऊन मिरवू नकोस. तुला काहीही एकटीनेच करायला आवडतं."

नोलीन, ती बरोबर बोलत होती आणि मला राग आला. एवढी मी अजून तशीच आहे.

मंडळाचं पत्र तुला वेगळं येईल. ग्वेंडाने स्वतः लिहिलं आहे, त्यामुळे त्यात हवामानही असेल. आणि ठराव झाला की घरट्याजवळची कुठलीही यादी, मग ती नुसत्या मॅगपायची का असेना, पिल्लं उडून तीन महिने होईपर्यंत घालायची नाही. अशी साधी गोष्ट. आठ वर्षांपूर्वी करता आली असती.

कार्डाच्या कोपऱ्यात, तिकिटाखाली, तू बारीक अक्षरात विचारलं आहेस: "पिल्लं उडाली का?"

दोनांपैकी एक उडालं. दुसरं रविवारी करावाँगने नेलं. या वेळी तिथे गर्दी नव्हती, कुणी आवाज लावला नव्हता, मी पन्नास पावलांवर होते आणि लिंडसी पुलावर. तरीही नेलं. मी आडोशातून ओरडत धावले, ओढ्यात गुडघ्यापर्यंत शिरले, उपयोग झाला नाही. केव म्हणाला, "त्यालाही पोरं आहेत गं." मला त्याला मारावंसं वाटलं. पण त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की तेव्हाही कदाचित असंच झालं असतं, कुणी आलं नसतं तरी. आणि हे वाटणं सुखाचं आहे म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

उरलेलं ते एक काल उडालं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी लिंडसीला पुलावरून आडोशात बोलावून घेतलं होतं. दोघांना जागा पुरत नाही, त्याचं कोपर माझ्या बरगडीत. पिल्लू बांडगुळाच्या कडेला येऊन बसलं. शेपूट जवळजवळ नाहीच, डोक्यावर पिसांचा विस्कटलेला झुबका, चेहरा असा की कुणीतरी भर झोपेतून उठवलं आहे. बाप समोरच्या झाडावरून आपल्या त्या उसन्या आवाजात ओरडत होता. माय चोचीत किडा घेऊन दोन हातांवर बसली, पण द्यायला जवळ येईना. पिल्लू पुढे झुकलं, मागे सरकलं, पुढे झुकलं. लिंडसी पुटपुटला, "जा रे बाबा, माझं कोपर गेलं." आणि ते पडलं. उडालं नाही, पडलं. पाणी वीतभर अंतरावर उरल्यावर त्याला पंख असल्याचं आठवलं.

मी बटण दाबलं होतं. चार फोटो आले, तीन वाया. चौथा सोबत पाठवते आहे. पिल्लाचा एक पंख पुसट आहे आणि ओढ्याचं पाणी अर्धा फोटो खाऊन बसलं आहे. प्रदर्शनात याला कुणी विचारणार नाही. पण त्याचा डोळा बघ. हा फोटो कुठेही लावलेला नाही, कुणाला दाखवलेला नाही. लिंडसीने पाहिला तेवढाच.

आणि आता जे लिहायचं मी तासभर टाळते आहे ते. लिंडसी एकवीस तारखेला परत निघतो आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. तो म्हणतो, बोटीचं तिकीट मिळेल, तुझ्या बेटावर सोडीन आणि आठवड्याने उचलीन, शिवाय गाडीत मुरंबा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. माझं पत्र तुला पोचायला चार दिवस लागतात आणि तुझं कार्ड मला पोचायला चार. एकवीसच्या सकाळी टपालवाला आमच्या गल्लीत साडेनऊला येतो. लिंडसी दहापर्यंत थांबायला तयार आहे.

"ये" लिहिलंस तर मी बॅग घेऊन उभी असेन. "नको" लिहिलंस तर मी घरी राहीन, तुझ्याबद्दल कुणापाशी वावगं बोलणार नाही, आणि पुढच्या वसंतात पुन्हा विचारीन. काहीच आलं नाही, तर टपाल उशिरा निघालं असेल असं समजेन. तू मुद्दाम पाठवलं नाहीस, असं मनात आणणार नाही. हे मला जमेल की नाही सांगता येत नाही, पण त्या दिवशी दहा वाजेपर्यंत मी तेवढंच करत बसणार आहे.

तुझी,
कार्मेल